व्हल्कनचं जाळं

फर्स्ट इयरला स्मिथीच्या भट्टीसमोर घाम गाळला नाही असा आपल्यात कोणी सापडायचा नाही. म्हणूनच ‘व्हल्कनची भट्टी’ हे चित्र बघितलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपलं वर्कशॉप! स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझने ते १६३० मध्ये रोमच्या मुक्कामात काढलं. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

व्हल्कन म्हणजे रोमन देवांचा लोहार, देवलोकातला इंजिनिअरच म्हणा ना. पायाने अधू. बायको मात्र साक्षात व्हीनस, प्रेमाची देवता! चित्रात अपोलो येऊन सांगतोय की तुझी बायको युद्धदेव मार्सबरोबर आहे. बस्स! सांडशीतलं लोखंड ऐरणीवर लालबुंद, हातोडा हातातच आणि व्हल्कनचे डोळे विस्फारलेले. हाताखालची पोरं आ वासून बघताहेत. एक जण चिलखत घडवतोय. आता चिलखत लागतं कुणाला? मार्ससारख्यालाच!

पुढची गोष्ट होमरच्या ‘ओडिसी’त आहे, फक्त नावं ग्रीक. लोहारदेवाने कोळ्याच्या जाळ्याइतकं बारीक, डोळ्यांना न दिसणारं जाळं बनवून पलंगावर लावलं, दोघांना पकडलं आणि देवांना बोलावलं. डिझाइन शंभर टक्के सक्सेसफुल! पण देव हसत सुटले. एक तर म्हणाला, ती मिळणार असेल तर याच्या तिप्पट साखळ्या चालतील!

इटलीच्या तिंतोरेत्तोने सोळाव्या शतकात व्हल्कनची आणखी शोभा केली. म्युनिकमधल्या त्याच्या चित्रात म्हातारा नवरा चादर उचलून पुरावा शोधतोय. मार्स शिरस्त्राणासकट टेबलाखाली दडलाय, कुत्रं त्याच्यावर भुंकतंय आणि नवऱ्याचं तिकडे लक्षच नाही.

हसू नका. गेल्या वर्षी माझ्या रूमवरही असाच एक अपोलो आला होता. म्हणाला, “तुझीवाली कॅन्टीनला दुसऱ्याबरोबर दिसली.” मग मीही जाळं विणलं. रात्र रात्र फोनवर दोघांचं ‘लास्ट सीन’ बघितलं, वेळा एक्सेलमध्ये मांडल्या आणि एक दिवस तो तक्ता तिच्यापुढे ठेवला. तिने तो शांतपणे वाचला. म्हणाली, “आमचा प्रोजेक्ट ग्रुप एकच आहे. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. विंगमध्ये मात्र महिनाभर हशा चालू होता.

माझं मत सरळ आहे. मत्सर वाटणं हा गुन्हा नाही. व्हेलाझ्केझनेही त्या क्षणाची चेष्टा केलेली नाही. काम करता करता थिजलेला तो माणूस बघून आजही माझ्या पोटात कालवतं. चूक होते ती त्यानंतर, जाळं विणायला घेतो तेव्हा. आपल्याला प्रत्येक प्रॉब्लेमवर काहीतरी बनवायचं सुचतं. पण जाळ्यात फार तर पुरावा सापडतो, माणूस हातचा जातो.

तेव्हा मित्रहो, रूमवर अपोलो आलाच तर आधी हातोडा खाली ठेवा आणि जिच्याशी किंवा ज्याच्याशी बोलायचंय तिथे जाऊन बोला. लोखंड तापलेलं असताना घाव घालावा, हे स्मिथीत ठीक आहे. डोकं तापलेलं असताना नको!