धोक्याची प्रतवारी आणि तिजोरीचा हिशेब

इंग्लंड आणि वेल्समध्ये घरातल्या मारहाणीला कंटाळून एखाद्या स्त्रीने पोलिसांना बोलावले, की दारात आलेला अधिकारी आधी प्रश्नावली उघडतो. २००९ पासून बहुतेक पोलीस दलांनी स्वीकारलेल्या ‘डॅश’ नावाच्या या प्रश्नावलीत २७ प्रश्न आहेत. त्याने कधी गळा आवळला होता काय? मारहाण वाढत चालली आहे काय? बाई गरोदर आहे काय? होकार मोजले जातात, अधिकाऱ्याचा स्वतःचा अंदाज त्यात मिळवला जातो आणि तिच्या जिवाच्या धोक्याला ‘सर्वसाधारण’, ‘मध्यम’ किंवा ‘उच्च’ अशी प्रत लागते. बाजार समितीच्या आवारात धान्याला लागावी तशी.

या उपद्व्यापाचा भार करदात्याने का सोसावा, पोलिसांनी चोर पकडावेत की कागद भरावेत, असा प्रश्न काटकसरीच्या नावाने विचारला जातो. हा युक्तिवाद वरवर पाहता व्यवहारी वाटतो. परंतु व्यवहारच पाहायचा तर हिशेबाची वही पुरती उघडली पाहिजे, आणि ती वही खुद्द तेथील सरकारचीच आहे. मार्च २०१७ अखेरच्या एका वर्षात कौटुंबिक अत्याचाराची समाजाला पडलेली किंमत ब्रिटिश गृहखात्याने २०१९ साली प्रसिद्ध केली. ती सुमारे ६६ अब्ज पौंड भरली. त्यात पोलिसांवरचा खर्च जेमतेम सव्वा अब्ज आणि आरोग्यसेवेवरचा सव्वादोन अब्जांच्या आसपास. बुडालेले श्रम व उत्पादन १४ अब्जांचे. उरलेला सिंहाचा वाटा, म्हणजे ४७ अब्ज, ही बळी पडलेल्यांच्या शरीरामनावरील आघातांची पैशात केलेली मोजदाद. आणि अत्याचार घडण्याआधी तो टाळण्याच्या सदरात किती? ६० लाख पौंड! अब्जांच्या त्या रकान्यात हा आकडा शोधावा लागतो.

म्हणजे जो खर्च तिजोरीने केला नाही तो नाहीसा झाला नाही. तो बाईने भरला, तिच्या मुलांनी भरला, अंगावरचे वळ लपवत बुडवलेल्या खाड्यांनी भरला. सरकारी हिशेबात त्याला बचत म्हणतात.

या प्रतवारीचे खरे काम कोणते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ‘उच्च’ ठरलेल्या स्त्रीसाठी पोलीस, आरोग्य, गृहनिर्माण, बालसंरक्षण अशा खात्यांची मंडळी एकत्र बसतात. ही पद्धत २००३ साली कार्डिफ शहरात सुरू झाली आणि ती चांगलीच आहे. तिच्या बाजूने उभी राहणारी एक स्वतंत्र सल्लागारही मिळते. पण त्या बैठकीत जागा मोजक्या. १४ किंवा अधिक होकार आले तर साधारणतः प्रकरण तेथे जाते. आणि वर्षात पोलिसांना किती वेळा बोलवावे लागले हा दुसरा निकष तर स्थानिक प्रकरणांची संख्या पाहून फेरतपासावा, असे मार्गदर्शनच आहे. धोका तोच, बाई तीच, पण गावात मार खाणाऱ्या बायका वाढल्या की उंबरठा हलू शकतो. याला धोक्याचे मूल्यमापन म्हणावे की टंचाईतले रेशनिंग?

२०१० नंतरच्या काटकसरीच्या पर्वात तर हे रेशनही आटले. २०१८ पर्यंत तेथील पोलीस अधिकाऱ्यांची संख्या सुमारे २० हजारांनी घटली (पुढे भरती झाली, ती निराळी गोष्ट), स्थानिक संस्थांची अनुदाने कापली गेली आणि त्यांच्या आधारावर चालणारी निवारागृहे अडचणीत आली. ज्याच्यापाशी वेळ नाही, प्रशिक्षण अपुरे, त्या अधिकाऱ्याच्या हाती २७ प्रश्न देऊन काय निष्पन्न होणार? एका मोठ्या पोलीस दलाच्या नोंदींवरून झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या पद्धतीचे भाकीत दुबळे आढळले. आता काही दलांनी नवी प्रश्नावली घेतली आहे, आणि गणकयंत्राने प्रत लावावी असाही विचार पुढे येतो आहे. स्पेनमध्ये २००७ पासून असे काम यंत्रणेवर सोपवलेले आहे. तेथेही कमी धोक्याची प्रत मिळालेल्या स्त्रिया मारल्या गेल्या आहेत. यंत्राला पगार लागत नाही, हे खरे. पण ते रात्री अकरा वाजता दार उघडून दोन लेकरांसह आलेल्या बाईला अंथरूणही देत नाही.

प्रश्नावली फाडून टाकावी असा याचा अर्थ नव्हे. गळा आवळण्याचा प्रश्न विचारला गेल्यामुळे जी बाई वाचली तिला कागदाचे मोल ठाऊक आहे. पण विचारणाऱ्यामागे निवारा, वकील आणि घर उभे नसेल तर त्या कागदाचा उपयोग चौकशीच्या वेळी शासनाला आपली कातडी वाचवण्यापुरताच उरतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हे दूरचे वाटू नये, कारण कागदाची हौस इकडेही कमी नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत घटनेच्या अहवालाचा नमुना आहे, पीडितेच्या सुरक्षा योजनेचाही आहे. ते भरायचे संरक्षण अधिकाऱ्याने. आणि हा अधिकारी ठिकठिकाणी दुसऱ्याच कामाच्या जोडीला नेमलेला. तालुका पातळीपर्यंत असे अधिकारी नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये राज्यांना बजावावे लागले, म्हणजे कायदा अमलात येऊन साडेअठरा वर्षे उलटल्यावर! अतिरिक्त कार्यभाराचा हुकूम काढून या आदेशाची बोळवण करणे कोणत्याही सरकारला अवघड नाही. म्हणून येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र पदांसाठी आणि निवाऱ्यांसाठी नेमकी किती रक्कम धरली आहे, हे विधिमंडळात आणि जिल्हा नियोजन समितीत आकड्यानिशी विचारले गेले पाहिजे. आणि उत्तर मिळेपर्यंत कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, तो कोठे बसतो, हे तरी शोधून काढावे.