मुक्कामी गाडीचे सामान : आधी कापड पारखा

स्वतःच्या गाडीने लांबच्या प्रवासाला निघायचे आणि लॉजवर न उतरता गाडीजवळच तंबू ठोकून रात्र काढायची, ही हौस आता आपल्या व्यापारी घरांतही शिरली आहे. हौसेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिच्या नावाने होणाऱ्या फिजूलखर्चीला. माझा भाचा मनालीमार्गे लेहला निघाला, तेव्हा सामानाची यादी घेऊन दुकानावर आला. "मामू, कापडाचं तेवढं तुम्ही बघा," म्हणाला. यादीत वर फ्रीज, बॅटरी, दिव्यांच्या माळा, घडीचे स्वयंपाकघर. आणि तंबू शेवटच्या ओळीत. माझे म्हणणे असे की, ही यादी उलटी करावी.

व्यापारी बांधवांनो, तंबू म्हणजे शेवटी कापडच. पिशवीवरच्या चित्राला भुलू नका, पिशवी उघडायला लावा. सुती कॅनव्हास भिजला की सूत फुगते, छिद्रे बुजतात आणि पाऊस अडतो. पण तो जड असतो आणि ओला घडी घातला की बुरशी धरतो. पॉलिएस्टर हलके, लवकर वाळणारे. मात्र पाणी अडवतो तो त्याच्या आतला लेप. हा लेप काही वर्षांनी चिकट होऊन सुटतो. म्हणून दुकानात पडून राहिलेला माल स्वस्तात मिळाला, तरी आतून हात फिरवून पाहावा. चिठ्ठीवर पाण्याच्या दाबाचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. छताला १५०० चालेल. तळाला ३००० तरी हवा, कारण गुडघा टेकला की ओल्या जमिनीचे पाणी दाबाने वर येते. आणि आकडा कितीही मोठा असो, शिवणीवर आतून पट्टी नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी येणारच. मी स्वतः एकदा पट्टी न पाहता तंबू घेतला होता. कोकणात रात्री दोन वाजता सगळे उठून गाडीत जाऊन बसलो. कापडाचा धंदा करणाऱ्याने ही गोष्ट कोणाला सांगायची?

गाडीच्या छतावर बसवायचा तंबू दिसायला शानदार. पण त्याचे वजन सहज ५० ते ७० किलो भरते आणि कित्येक मोटारींच्या छताची मर्यादाच जवळपास तेवढी असते. गाडीसोबतचे पुस्तक पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आता फ्रीजचा हिशेब. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करत गेलात तर लवकर मरते. म्हणजे हाती राहिले ६००. ४५ वॅटचा फ्रीज दिवसात बारा तास चालला तर ५४० खातो. लिथियमची बॅटरी जास्त देते, पण दामही तसाच घेते. दोन दिवसांच्या प्रवासाला मासळीवाल्यांची थर्माकोलची पेटी आणि बर्फ पुरतो.

पैसे घालावेत ते टायरची हवा मोजायच्या मीटरवर, हवेच्या पंपावर, पंक्चरच्या सामानावर, डोक्याला बांधायच्या टॉर्चवर आणि नळाच्या २० लिटरच्या पाण्याच्या कॅनवर. जॅकखाली ठेवायला एक जाड फळी घ्यावी. तिला तर पैसेही पडत नाहीत.

शेगडीबाबत मात्र मी भाच्याला सक्त ताकीद दिली. नुसत्या ब्यूटेनचा छोटा डबा शून्य अंशाच्या आसपास काम देत नाही, आणि त्या रस्त्यावर रात्री पारा त्याखाली जातो. पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह तिथे चालतो. पण स्टोव्ह असो की कोळशाची शेगडी, तंबूत किंवा बंद गाडीत ऊब घ्यायला ती कदापि पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही.

राहिला गाडीच्या बाजूला ताणायचा मांडव. तयार माल परवडेना, म्हणून तो गावातल्याच ताडपत्रीवाल्या कारागिराकडून करून घेतला. पीव्हीसीचा लेप दिलेले कापड, कडांना दुहेरी शिलाई, पितळी कड्या, वेल्डरकडून पाइपाचे पाय. बाजारभावाच्या निम्म्याहून कमी खर्च आला. ट्रकची ताडपत्री शिवणाऱ्याला यात नवे शिकावे लागले ते एवढेच, की शिवणीवर गरम हवेने पट्टी कशी चिकटवायची. भाचा परत येण्याआधीच दुसऱ्या एका गाडीवाल्याने त्याच्याकडे माप देऊन ठेवले आहे.