तडीपार कोणाला केलं?

जुईनगरला आमच्या बिल्डिंगखाली संध्याकाळी जी पोरं बसतात, त्यांत माझा धाकटा भाऊ असतो. एकाच्या मांडीवर ब्लूटूथ स्पीकर, त्यावर एमसी स्टॅन. पहिल्या मजल्यावरचे काका खिडकीतून ओरडतात, "ए, बंद करा ते!" पोरं आवाज कमी करतात आणि पाच मिनिटांनी परत वाढवतात. 2020 साली आलेल्या 'तडीपार' या अल्बमवर मराठीत झालेली चर्चा साधारण एवढीच.

पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा हा पोरगा. 1999चा जन्म, लहानपणी कव्वाली गायचा. लिहितो स्वतः, बीटही स्वतः बनवतो. 'तडीपार' आला तेव्हा आपल्या पेपरांना पत्ता नव्हता. फेब्रुवारी 2023मध्ये तो 'बिग बॉस' जिंकला तेव्हा मात्र सगळे जागे झाले आणि बातम्या आल्या त्या बुटांच्या किमतीच्या, गळ्यातल्या साखळीच्या. दोनच महिन्यांनी राज मुंगासे आणि उमेश खाडे या रॅपरांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा पुन्हा रॅप आठवला. म्हणजे चॅनल आलं किंवा पोलीस आले, तरच आपले कान उघडतात.

निदान नावापाशी तरी थांबायचं होतं. तडीपार हा पोलिसांचा शब्द. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 56 लावून माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. प्रत्येक वेळी कोर्टात गुन्हा सिद्ध व्हावा लागतोच असं नाही; हा माणूस धोकादायक आहे आणि साक्षीदार पुढे यायला घाबरतात, असं अधिकाऱ्याचं मत झालं तरी चालतं. वस्तीतल्या पोरांना ही भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. विशीतला पोरगा तोच शब्द उचलून अल्बमवर लावतो, आणि आपण मोजत बसतो शिव्या.

"पण हे मराठी कुठेय?" असंही ऐकवतात. अहो, स्टेशनच्या पलीकडे शिरवण्यात आगरी बोलतात, आमच्या मजल्यावर सातारी, रिक्षावाल्याशी हिंदी. माझा भाऊ एका वाक्यात तिन्ही वापरतो. (आगरी हळदीच्या गाण्यांनाही आमच्याकडे नाकं मुरडतात आणि लग्नात त्यावरच नाचतात, ते असो.) स्टॅनमुळे 'शेमडी' हा शब्द देशभर गेला, तो आपल्याच शेंबडीचा भाऊबंद. कोलटकरांनी मुंबईच्या हिंदीत कविता लिहिल्या, त्या आपण मराठी साहित्यात मोजतो. 1972मध्ये 'गोलपिठा' आला तेव्हा त्यातले शब्द पांढरपेशा वाचकाला कळत नव्हते. तेंडुलकरांनी ते समजून घ्यायचे कष्ट घेतले आणि प्रस्तावना लिहिली. स्टॅन म्हणजे ढसाळ, असं मी म्हणत नाहीये. स्टॅनसाठी तेवढे कष्ट कोणी घेतले, एवढंच विचारतेय.

आता फॅन मंडळींकडे वळते. तुम्ही खूश होऊ नका. तुम्हालाही अल्बमबद्दल काही विचारलं की तुम्ही व्ह्यूज दाखवता. टीका केली की "जळते का?" मला शिव्यांचा त्रास होत नाही, लोकलच्या लेडीज डब्यात याहून कडक ऐकलंय. त्रास होतो तो या गाण्यांत बाई कशी येते त्याचा. बहुतेक वेळा एक तर ती आई असते, नाहीतर धोका देणारी. व्यवस्थेने आपल्यावर मारलेला शिक्का ज्याला इतका नीट दिसतो, त्याला स्वतः पोरींवर मारलेला शिक्का दिसत नाही. त्याच्यावर घेण्यासारखा सगळ्यात गंभीर आक्षेप हा आहे, आणि तो घ्यायला आधी अल्बम ऐकावा लागतो. काकांनी ऐकला नाही. समीक्षकांनी ऐकला नाही. पोरं ऐकतात, पण त्यांच्याशी त्यावर बोलायला कोणी नाही.

मागच्या रविवारी मी भावाला म्हटलं, गच्चीवर चल, पहिल्यापासून लाव. "तू ऐकणार?" त्याला वाटलं मी खेचतेय. सुरुवातीला तोच मला शब्दांचे अर्थ सांगत होता, मोठ्या ऐटीत. मग एक ओळ आली. मी विचारलं, "हे कोणी मला म्हणालं तर?"

त्याने पॉज केलं. बराच वेळ मोबाईलकडे बघत राहिला. "तसं नसतं गं ताई ते."

"मग कसं असतं? सांग ना."

खाली काका कोणावर तरी ओरडत होते. त्याने गाणं थोडं मागे घेतलं आणि परत लावलं.