अंगाने बारीक, तरी चरबी अधिक!

"मी तर काडीसारखा, मला कशी शुगर होईल?" हा प्रश्न सोनाळ्यासारख्या गावात हमखास ऐकू येतो. दिवसभर कपाशीत राबणारा माणूस अंगाने बारीक, म्हणून निर्धास्त. आमच्या मते हा निर्धास्तपणाच घातक आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे व लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बाळांतही त्यांच्या चमूला हेच दिसले. बाळाचे सरासरी वजन जेमतेम २.७ किलो, इंग्लंडच्या बाळाचे ३.५. आपल्या बाळाचे स्नायू कमी, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून.

ही चरबी साठते कशी? शरीरात मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. त्यातील काहींपासून हाड बनते, कूर्चा बनते, तशीच चरबीची पेशीही बनते. 'पीपीएआर-गॅमा' नावाचे प्रथिन जागे झाले, की पेशी चरबीच्या वाटेला लागते आणि तिच्यात तेलाचा थेंब भरू लागतो. पूर्ण भरलेली चरबीपेशी स्वतः दुभंगत नाही. नवी हवी तर मूळपेशीकडेच जावे लागते. स्वीडनमधील २००८ च्या अभ्यासानुसार दरवर्षी सुमारे दहावा हिस्सा पेशी मरतात व तितक्याच नव्या येतात. वजन घटले तरी पेशी फक्त आकसतात, संख्या घटत नाही.

धान्याच्या कणगीसारखेच हे आहे. कणग्या भरल्या, नव्या विणल्या नाहीत, तर पोती ओसरीवर येतात. कातडीखाली जागा पुरेनाशी झाली की चरबी यकृतात आणि पोटात आतड्यांभोवती साठते व इन्सुलिनचे काम बिघडते. अनेक शास्त्रज्ञ मधुमेहाची संगती अशी लावतात. (मूळपेशींच्या इंजेक्शनाने मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना मात्र भुलू नये. तशा उपचाराला मान्यता नाही.)

म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की रक्तातील साखर तपासावी. तिशीपुढच्यांची माहिती घ्यायला आशाताई येतात, तेव्हा टेपही आणतात. पुरुषमंडळींनी ते हसण्यावारी नेऊ नये. आणि घरात गर्भवती सून असेल, तर डाळ, दूध, पालेभाजी तिच्या ताटात आधी पडावी, सगळ्यांची जेवणे उरकल्यावर नव्हे.