दोष नोंदविण्याची विद्या

निवासी शाळेने आपल्या मुलांना संगणकाविषयी नेमके काय शिकवावे, हा प्रश्न माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या बैठकीत हमखास निघतो. टंकलेखन यावे, ऑनलाइन अर्ज भरता यावा, एखादे प्रमाणपत्र हाती असावे, म्हणजे झाले, असे बहुतेकांचे म्हणणे असते. ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ती अपुरी आहे, असे आमचे मत आहे. यंत्र चालविता येणे ही पहिली पायरी होय. यंत्र चुकले, तर ते कोठे चुकले हे शांतपणे पाहणे, ते शब्दांत मांडणे आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या पंगतीत स्वतः बसणे, ही दुसरी पायरी. आमच्या मुलांना त्या दुसऱ्या पायरीपर्यंत नेले पाहिजे. उदाहरणासाठी आम्ही एक साधी गोष्ट निवडतो. ती म्हणजे ई-मेल.

ई-मेल आता जुना झाला, सर्व काही मोबाइलवरच्या संदेशांत होते, असे कोणी म्हणेल. पण शिष्यवृत्तीची त्रुटी, प्रवेशाचे पत्र, मुलाखतीचे बोलावणे आणि नेमणुकीचा आदेश आजही ई-मेलवरच येतो. आर्वी, आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या गावातून शिकायला आलेल्या, घरातील पहिल्या पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलीने मराठीत अर्ज लिहून पाठविला आणि पलीकडे तो प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोहोचला, तर काय घडते? ‘तुमचा अर्ज वाचता येत नाही’ एवढे उत्तर येते. ती मुलगी समजते की, आपलेच काही चुकले. चूक यंत्राची असते आणि खजील होते मूल. आमची खरी चिंता ही आहे.

ई-मेल वाचण्याचे दोन मार्ग आहेत. एक, एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तेथेच पत्र वाचणे. दुसरा, आपल्या संगणकावर एक प्रोग्राम ठेवणे. तो सर्व्हरवरून पत्रे आणतो, जपून ठेवतो आणि नेटवर्क गेले तरी वाचू देतो. या प्रोग्रामला ‘मेल क्लायंट’ म्हणतात. त्यांतील काही मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांचा सोर्स कोड कुलूपबंद नाही. तो कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. थंडरबर्ड आणि इव्होल्यूशन ही त्यांतील दोन प्रसिद्ध नावे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला एक योगायोग लक्षणीय वाटतो. मुक्तस्रोत चळवळीचे सर्वांत गाजलेले विवेचन ई-मेलच्याच एका प्रोग्रामच्या अनुभवातून जन्मले. एरिक रेमंड या अमेरिकन प्रोग्रामरने दुसऱ्याने लिहिलेला, टपाल आणून देणारा एक छोटा प्रोग्राम हाती घेतला, त्याला ‘फेचमेल’ हे नाव दिले आणि वापरणाऱ्यांना ग्राहक न मानता सहकारी मानले. लोक दोष कळवीत, कित्येक जण दुरुस्तीही पाठवीत. त्या अनुभवावर त्याने १९९७ साली निबंध वाचला. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १९९८ रोजी, नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड जगापुढे खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि डिसेंबर २००४ मध्ये त्याच घराण्यातल्या थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती आली.

पुढची कथा अधिक बोधप्रद आहे. जुलै २०१२ मध्ये मोझिलाने जाहीर केले की, थंडरबर्डमध्ये नवीन सोयी घालण्यासाठी आपण यापुढे बळ खर्च करणार नाही. सुरक्षेची डागडुजी तेवढी होत राहील, बाकीचे काम इच्छुकांनी करावे. कुलूपबंद प्रोग्रामच्या बाबतीत अशी घोषणा म्हणजे मृत्युपत्रच. येथे मात्र कोड खुला होता. स्वयंसेवक जमले, त्यांनी आपली समिती केली, दोष दुरुस्त करीत राहिले. जानेवारी २०२० पासून हे काम मोझिला फाउंडेशनच्या मालकीची एक स्वतंत्र कंपनी पाहते आणि तिचा खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये थंडरबर्ड अँड्रॉइड मोबाइलवरही आले. आश्रयदात्याने हात आखडता घेतल्यावरही जे टिकते, ते का टिकते, हे देणग्यांवर आणि माजी विद्यार्थ्यांवर उभ्या राहिलेल्या संस्थांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्या भाषेकडे वळू. ई-मेल मुळात रोमन लिपीच्या हिशेबाने घडला. १९९२ साली ‘माइम’ हे मानक आले, तेव्हा इतर लिप्यांतील मजकूर पत्रातून रीतसर पाठविण्याची वाट मोकळी झाली. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती. तरीही पडद्यावर अक्षर दिसायला फॉन्ट लागतो, जोडाक्षर जुळवायला वेगळा प्रोग्राम लागतो आणि ‘पाठवा’, ‘उत्तर द्या’ ही बटणे मराठीत दिसायला कोणी तरी अनुवाद करावा लागतो. हे काम पुष्कळसे महाराष्ट्रातच झाले, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने घडविलेली अक्षरे ‘लोहित’ या नावाने रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुली केली. २०११ मध्ये त्यांचा परवाना अधिक मोकळा झाला. रेड हॅटच्या पुण्यातील कार्यालयातून त्या फॉन्टची निगा राखली गेली आणि इव्होल्यूशन ज्या संचाचा भाग आहे, त्या ‘गनोम’चे मराठीकरणही तेथील मंडळींच्या हातून झाले. ज्याच्या नावाचा फलक कोठे लागला नाही, असे हे काम आहे.

पण फॉन्ट आणि अनुवाद झाले म्हणजे दोष संपले, असे नव्हे. उलट येथूनच वापरणाऱ्याचे काम सुरू होते. मराठी पत्र पडद्यावर बिघडते, ते मुख्यतः चार प्रकारांनी, आणि प्रत्येक प्रकाराचे कारण निराळे असते. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या, तर संगणकावर योग्य फॉन्ट नाही. पत्र मात्र सुखरूप आहे. अनाकलनीय रोमन चिन्हांची माळ दिसली, तर अक्षरे बहुधा शाबूत आहेत, पण प्रोग्राम ती चुकीच्या संकेताने वाचतो आहे किंवा मजकूर युनिकोडपूर्व काळातील जुन्या फॉन्टमध्ये लिहिला आहे. केवळ प्रश्नचिन्हे दिसली, तर वाटेत कोठे तरी मूळ अक्षरे पुसली गेली आहेत. ती सहसा परत मिळत नाहीत, पत्र पुन्हा मागवावे लागते. आणि जोडाक्षरे फुटलेली, पाय मोडलेली दिसली, तर दोष अक्षरे जुळविणाऱ्या प्रोग्रामचा. इयत्ता आठवीचे मूल हे चार प्रकार एका तासात ओळखू शकते. हा भेद कळला, की ‘वाचता येत नाही’ या वाक्याने ते मूल खजील होणार नाही. ‘आपल्याला काय दिसते आहे, चौकटी की प्रश्नचिन्हे?’ असे ते उलट विचारील.

काही दोष तर असे आहेत की, ते मराठी माणसालाच दिसतात. ‘वर्धा’ या शब्दात रफार आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दात आडव्या चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे. आपल्या जिल्ह्याच्या आणि शेजारच्या मुलखाच्या नावांतच ही जोडी बसली आहे. संगणकात हा दुसरा र लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील एकीत एक अदृश्य चिन्ह घालावे लागते. परदेशातील एखाद्या प्रोग्रामरला ते चिन्ह निरुपयोगी वाटले आणि त्याने ते गाळून टाकले, तर ‘आचाऱ्यांना कळवावे’ याचे ‘आचार्यांना कळवावे’ होईल. वसतिगृहातल्या स्वयंपाक्याला जायचा निरोप मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोहोचेल! तीच गत ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत, अनेक जण अजूनही तसेच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते निरनिराळे. म्हणून ‘ॲडमिशन’ हा शब्द शोधला आणि पाठविणाऱ्याने तो जुन्या रीतीने लिहिला असेल, तर प्रवेशाचे पत्र पेटीत असूनही सापडत नाही. हा दोष बोस्टनच्या किंवा बर्लिनच्या प्रोग्रामरला स्वप्नातही दिसणार नाही. तो आपणच दाखवायला हवा.

दाखवायचा कसा, याचे एक शास्त्र बनलेले आहे. मोझिलाच्या ‘बगझिला’ या नोंदवहीत १९९८ पासून प्रत्येक दोषाला एक क्रमांक मिळत आला आहे. नोंद करण्यापूर्वी हाच दोष आधी कोणी कळविला आहे का, ते पाहावे. बाहेरून जोडलेले सर्व ॲड-ऑन बंद करून प्रोग्राम पुन्हा चालवावा. दोष नाहीसा झाला, तर तो मूळ प्रोग्रामचा नव्हे. मग प्रोग्रामची आवृत्ती व संगणकाची प्रणाली लिहावी. कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे तीन मुद्दे वेगवेगळे मांडावेत. एका नोंदीत एकच दोष. नोंद सर्वांना दिसते, म्हणून स्वतःचे खासगी पत्र तिला कधीही जोडू नये. खोटा नमुना तयार करावा. ‘चालत नाही’ हे वाक्य वर्ज्य. दोष पूर्वी नव्हता, आता आला असेल, तर मधल्या बदलांचे निम्मे-निम्मे भाग करून तपासतात. हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. दुरुस्ती कोणी लिहिली, तरी दुसऱ्याने तपासल्याशिवाय ती स्वीकारली जात नाही. ती लिहिणारा नामवंत असो वा नवखा, नियम एकच.

या शिस्तीत आम्हांला उत्तम शिक्षणाची सर्व लक्षणे दिसतात. निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवणे, पुरावा देणे, परक्याला समजेल असे लिहिणे, आपले लेखन दुसऱ्याने तपासले म्हणून न रागावणे. नोंद करणाऱ्याचे आडनाव, गाव, वडिलांचा व्यवसाय कोणी विचारीत नाही. नोंदीतले टप्पे पडताळून दोष दिसतो की नाही, एवढेच पाहिले जाते. ज्यांच्या पणजोबांना अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्यांच्या पणतीने अक्षराचा दोष जगाला दाखवून द्यावा, यात आमच्या समाजाच्या दृष्टीने काही अर्थ आहे. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले, ते आपले म्हणणे आपल्याच साधनातून मांडता यावे म्हणून. साधने बदलली, ती कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न बदललेला नाही.

आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाहीत. पहिला असा की, पोटाची चिंता असणाऱ्या मुलांनी परक्या प्रकल्पांसाठी फुकट का राबावे? आक्षेपात तथ्य आहे. मोकळा वेळ ही संपन्नांची चीज आहे. म्हणून आम्ही राबायला सांगत नाही, शिकायला सांगतो. शिवाय स्वीकारलेली दुरुस्ती नावासह कायम नोंदली जाते आणि ती पुढे नोकरी देणाऱ्यालाही पाहता येते. दुसरा आक्षेप इंग्रजीचा. नोंदी इंग्रजीत होतात, हे खरे; पण त्यांची वाक्ये आखूड व ठरावीक असतात, आणि अनुवादाचे काम तर मराठी उत्तम येणाऱ्याचेच. तिसरा, ‘एवढे आपल्या मुलांना कुठे जमणार?’ याला आम्ही आक्षेप मानीत नाही.

दुसऱ्या एका राज्याच्या भाषेने काय केले, ते पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार मल्याळम मातृभाषा असणारे सुमारे ३ कोटी ४८ लाख, मराठी असणारे सुमारे ८ कोटी ३० लाख. तरीही ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या स्वयंसेवकांच्या गटाने आपल्या लिपीसाठी मुक्त फॉन्ट आणि साधने घडविली, आणि केरळच्या सरकारी शाळांनी संगणक शिक्षण मुक्त प्रणालींवर आणले. संख्येने दुपटीहून अधिक असलेल्या आम्ही मराठी भाषकांनी पुण्यातल्या मूठभर मंडळींवर विसंबून राहावे, हे शोभत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची मागणी लहान आणि स्पष्ट आहे. शाळेच्या संगणक कक्षात एक दोषवही असावी. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक तास मुक्त मेल प्रोग्राम मराठीत वापरावा आणि जे चुकेल ते वहीत वरील तीन मुद्द्यांत लिहावे. भाषेच्या शिक्षकांनी ते तपासावे. नागपूर, पुणे, बंगळूर येथे संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एका रविवारी ती वही वाचावी, खऱ्या दोषाची नोंद मुलांकडूनच करून घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्या पाठीशी राहावे. यासाठी इमारत नको, वर्गणी नको. एक दोनशे पानी वही हवी. पहिल्या पानावर मुलांनी ‘वर्धा’ आणि ‘वऱ्हाड’ हे दोन शब्द लिहावेत, ते एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पाठवावेत आणि दोन्ही र जसेच्या तसे पोहोचतात का, ते पाहावे.