विजेचा छोटा हत्ती
विजेवरचा मालवाहू टेम्पो घेताना किंमत, आकार आणि रोजची फेरी यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. टाटांनी २००५ मध्ये आणलेल्या ‘एस’ या टेम्पोला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. २०२२ मध्ये तो विजेवर आला, पण सुरुवातीची शोरूम किंमत जवळपास १० लाख रुपये आणि वजनक्षमता ६०० किलो होती. २०२५ मधील विजेवरचा धाकटा एस प्रो ६.५० लाखांपासून मिळू लागला आणि त्याची वजनक्षमता ७५० किलो आहे. त्याच गाडीचे पेट्रोल रूप तेव्हा ३.९९ लाखांपासून होते; असा सुमारे अडीच लाखांचा फरक इंधनाच्या बचतीतून वसूल व्हावा लागतो. म्हणजे गाडी रोज धावली तरच व्यवहार परवडतो. उदाहरणार्थ, वसईची भाजी, केळी आणि फुले मुंबईत दादरच्या बाजारात पोहोचवून परतायचे तर शंभराहून अधिक किलोमीटर होतात. एस प्रोची एका चार्जिंगमधील प्रमाणित धाव १५५ किलोमीटर आहे. मात्र भरलेला माल, महामार्गावरची कोंडी आणि घोडबंदरजवळचा खोळंबा धरता ती प्रत्यक्षात घटते. वसईतच वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांतून विरार-नालासोपाऱ्याच्या दुकानांपर्यंतच्या आखूड फेऱ्यांना तीच गाडी पुरून उरते. निर्मळ, आगाशी या गावांच्या अरुंद वाटांवर लहान आकार सोयीचा. लोखंडी सळ्या किंवा उंच फर्निचरला मात्र हौदा अपुरा पडतो. शेवटी रात्री चार्जिंगसाठी स्वतःची, पावसाळ्यात पाणी न साचणारी जागा हवी. ती नसेल तर स्वस्त गाडीही महाग पडते.