फोटोत गटारही येऊ द्या

सुधारक ओलवे आपल्या अकोल्यात जन्मले. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी कामाच्या जागीच काढले. कचऱ्यात, गटारात. 2016 साली पद्मश्री मिळाली. गटार मात्र तिथंच आहे.

2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. तरी माणसं मरतात.

म्हणून मी म्हणतो, अमरावती-अकोल्याच्या पोरांनो, मोबाइल उचला. माय जिनिंगात राबते, बाप झाडू मारतो, तिथं जा. आधी विचारा. मागची भिंत, हातातला खराटा, हातात नसलेले मोजे, सगळं येऊ द्या. ठेकेदार कामावरून काढील. म्हणून चेहरा दाखवायचा की नाही, हे ज्याचा फोटो त्यालाच ठरवू द्या. आपल्याला दया नको, पुरावा पाहिजे.